नायकाच्या पायाबद्दल आमचं मत

ता. ४ मार्च

प्रिय अहो,

नमस्कार. इकडे आम्ही दोघी मजेत आहोत. तुम्ही कसे आहात हे विचारायचं नाही असा तुमचा हुकूम आहे, म्हणून विचारत नाही. फोनवर तुम्ही 'हं' आणि 'बरं'च्या पलीकडे जात नाही, आणि आईंना वाटतं लाइनच खराब आहे. म्हणून हे पत्र. पत्रात तुम्हाला मध्येच 'ठेवतो आता' म्हणता येणार नाही.

स्वयंपाकघरातला नळ अखेर दुरुस्त झाला. आई प्लंबरच्या डोक्यावर उभ्या राहून त्याला 'उलटा फिरव, उलटा फिरव' सांगत होत्या. शेवटी त्याने तो उलटा फिरवला आणि त्याचा सगळा शर्ट भिजला. नंतर नळ बसला नीट, पण त्याचं श्रेय कुणाचं यावर अजून घरात चर्चा चालू आहे. आमच्या शिवणखात्यात नवे कोट आले आहेत. सगळ्यांच्या बाह्या वीतभर लांब. कुणाची मापं घेतली होती देव जाणे. सध्या दिवसभर बाह्या आखूड करते आणि घरी येऊन आईंच्या डोळ्यांत थेंब घालते. त्यांची शस्त्रक्रिया पुढे ढकलली आहे, काळजीचं काही नाही.

खरी बातमी वेगळीच आहे. आपल्या क्वार्टर्समध्ये वाचक मंडळ निघालं आहे! कर्नलीणबाईंच्या एका शाळासोबतिणीने कादंबरी लिहिली आहे, 'सुरुंग आणि शपथ'. सैन्य, प्रेम आणि रहस्य, तिन्ही एकात. आता दुसरी आवृत्ती निघायची आहे, आणि त्याआधी लेखिकेला म्हणे 'खऱ्या सैनिकी कुटुंबांचे अभिप्राय' हवे आहेत. पुस्तकांचा गठ्ठाच आला. दर शनिवारी दुपारी वाचनालयात बसायचं, एकीने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी मत द्यायचं. माझं अक्षर बरं म्हणून मतं टिपून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

गोष्ट अशी. नायक कॅप्टन आहे. त्याचा जबडा पोलादी आहे. हे आत्तापर्यंत इतक्यांदा आलं आहे की आई म्हणाल्या, याला जेवताना आवाज होत असेल. नायिका डॉक्टर. ती छावणीत पास न दाखवताच शिरते, आणि पहारेकरी तिचे डोळे बघून तिला सोडतो. इथे सगळ्याजणी एकदम ओरडल्या. वरच्या मजल्यावरची वायरलेसवाली म्हणाली, "मला माझ्या नवऱ्याचा डबा घेऊन आत जायला अर्धा तास लागतो, आणि माझे डोळे काही वाईट नाहीत!" तीच पुढे जास्त चिडली, कारण नायक ऐन गोळीबारात वायरलेसवर 'प्रिये' म्हणतो. तिच्या नवऱ्याच्या नोकरीत वायरलेसवर कुणी 'प्रिये' म्हणालं तर चौकशी बसते.

माझंही एक मत आहे. नायकाचा शर्ट दर चकमकीत बरोबर खांद्याच्या शिवणीवर उसवतो आणि खांदा दिसतो. मी इतके गणवेश शिवले, दुहेरी शिवण अशी उसवत नाही. शेजारचं कापड फाटतं, शिवण जिथल्या तिथे राहते. हे मी टिपून ठेवलं आहे. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "जाऊ द्या ना, खांदा दिसला की झालं." त्यांचंही टिपलं.

छावणीतले नकाशे कुणीतरी शत्रूला पुरवतं आहे, ते रहस्य. आईंनी पहिल्याच शनिवारी निकाल देऊन टाकला: स्वयंपाकी. "इतकं गोड बोलून वाढणारा माणूस माहिती काढत असतो." कर्नलीणबाईंनी पुस्तक आधीच वाचलंय. त्यांचा चेहराच पडला.

एक प्रत सोबत पाठवते. तुमचा वेळ जाईल. शिवाय सुरुंगांबद्दल आमच्यातल्या कुणालाच काही कळत नाही, आणि पहिल्याच प्रकरणात नायक लाल तार कापू की निळी यावर चार पानं विचार करतो. तुमच्या तुकडीत असंच करतात का, एवढं जरी कळवलंत तरी मंडळाला मदत होईल.

येऊ नकोस म्हणालात, म्हणून येत नाही. बाकी घर जसं होतं तसं आहे.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही. दिलंत तर आई दोनदा वाचून घेतील, मी किती वेळा ते सांगत नाही.

तुमची,
अगं
(खरं नाव लिहिलं तर तुम्हाला वाटेल कुणा परक्या बाईचं पत्र आलं.)

*

ता. २६ मार्च

प्रिय अहो,

तुमचं पत्र मिळालं. अर्धं पान, आणि त्या अर्ध्या पानात सगळे सुरुंगच! 'जमिनीतल्या सुरुंगाला कापायला तारा नसतात. लेखिकेने आणल्या कुठून? आणि सुरुंग काढताना माणूस प्रेयसीचा विचार करत नाही, पाठ दुखते त्याचा करतो. आईला थेंब वेळेवर घाल.' मी ते शनिवारी मंडळात वाचून दाखवलं. पाठदुखीवर टाळ्या पडल्या. कर्नलीणबाई म्हणाल्या, हा अभिप्राय सगळ्यात वर घाला. तेव्हा तुम्ही आता मंडळाचे सभासद आहात, तुम्हाला आवडो न आवडो.

स्वयंपाकीच निघाला, ऐकलंत का! आई तेव्हापासून इमारतीतून अशा चालतात की जणू त्यांनीच त्याला पकडला. वायरलेसवालीने आपल्याकडच्या दुधवाल्याबद्दलही त्यांचं मत विचारून घेतलं.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहिते. कालपासून तीनदा कागद घेतला आणि कोटांच्या बाह्यांबद्दलच लिहून फाडला.

परवाच्या शनिवारचं प्रकरण तुम्ही वाचलं असेलच. नायक मित्राला वाचवायला धावतो, सुरुंगावर पाय पडतो. मग तो दवाखान्यातून नायिकेला पत्र लिहितो. 'मला विसर. तुझं फुलणारं आयुष्य माझ्या खाटेला बांधू नकोस.' कर्नलीणबाई वाचत होत्या. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "किती मोठा त्याग!" वायरलेसवाली म्हणायला गेली, "खरंच, असा पुरुष..." आणि माझ्याकडे बघून थांबली. मग सगळ्याच थांबल्या. त्या खोलीतलं घड्याळसुद्धा मेलं बंद आहे, नाहीतर तेवढी तरी टिकटिक झाली असती. मी मान खाली घालून 'त्याग' हा शब्द टिपत होते आणि मला तो लिहिता येत नव्हता.

आई कोपऱ्यात लोकर गुंडाळत बसल्या होत्या. त्यांनी गुंडा मांडीवर ठेवला.

"कसला डोंबलाचा त्याग? लबाडी आहे ही," त्या म्हणाल्या.

"अहो आई, तो तिच्याच भल्यासाठी..." ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"तिला विचारलं का त्याने? नाही ना? सुरुंगावर पाय पडला तो नोकरीत पडला, त्यात त्याची चूक नाही. पण हे पत्र त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय. त्याला भीती वाटतेय आणि तो तिचं नाव पुढे करतोय." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि आईला काय लिहिलं त्याने? पुस्तकभर आईचा पत्ता नाही. या नायकांना आया नसतातच की काय?"

कर्नलीणबाईंनी हळूच विचारलं, "हे... अभिप्रायात घालायचं का?"

"घाला. माझं नाव घालून घाला."

घरी येताना जिन्यात आईंनी माझा दंड धरला होता, आणि तो डोळ्यांमुळे नव्हता धरला.

दवाखान्यातून आलेलं तुमचं ते पहिलं पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही. आईंनाही नाही. पण त्यांना माहीत आहे, आयांना माहीत असतं. 'मी बरा होईपर्यंत येऊ नकोस. बरा होणं म्हणजे काय ते मला कळत नाही. तू तुझं बघ.' पहिली दोन वाक्यं मी समजून घेतली. तिसरं मात्र नाही. मी माझं काय बघू? माझं काय आहे जे तुमच्याशिवाय वेगळं ठेवलेलं आहे, की जे मी आता कपाटातून काढून बघत बसू?

त्या दिवसाबद्दल तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. आता सांगते. मी मशीनवर होते. दारात दोन अधिकारी दिसले, टोप्या हातात. आमच्या खात्यात टोपी हातात घेऊन कुणी येत नाही. मला वाटलं, मशीन चालू आहे तोवर ते काही बोलणार नाहीत. म्हणून मी पॅन्टची ती बाजू शिवून पूर्ण केली. मग दुसरीही शिवली. ते बिचारे उभेच. शेवटी आमच्या मुकादमबाईंनी येऊन मशीनचं बटण बंद केलं. त्यातला मोठा म्हणाला, "ते आहेत." एवढंच मला ऐकू आलं. ते पुढे पायाचं सांगत होते, ऑपरेशनचं सांगत होते, आणि माझ्या कानात 'आहेत, आहेत' एवढंच वाजत होतं. मी त्यांना "बरं झालं" म्हणाले. त्यांना वाटलं असेल बाई वेडी आहे. पण मला खरंच बरं वाटलं होतं, अहो. तुम्हाला राग येईल म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. तुमच्यावर आकाश कोसळलं होतं आणि मला बरं वाटत होतं.

तुमचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. बघा, लिहिलं. घरात आम्ही दोघी 'ते' म्हणतो. 'ते झाल्यापासून', 'ते व्हायच्या आधी'. आता नाही म्हणणार.

आणखी एक. आमच्याकडे मागच्या आठवड्यात पुनर्वसन केंद्रातून पॅन्टींचं बोचकं आलं. बाजूच्या शिवणीत खालपासून गुडघ्याच्या वरपर्यंत चेन लावायची होती, म्हणजे कृत्रिम पाय लावताना-काढताना सगळी पॅन्ट उतरवावी लागत नाही. चेन शिवणीच्या आत दडवली की बाहेरून कळतही नाही. त्या सगळ्या लावून झाल्यावर तुमची तपकिरी पॅन्ट घरून नेली आणि तिलाही लावली. मग राखाडी. तुम्ही सांगितलं नव्हतं, तेव्हा हवं तर रागवा.

मी रागावलेली आहे आणि मजेतही आहे. दोन्ही एकदम कसं असतं ते विचारू नका, असतं.

तुमची, आणि तुमचंच बघणारी,
अगं

*

ता. १५ एप्रिल

प्रिय अहो,

चार पानी पत्र! पोस्टमनने घंटी वाजवून हातात दिलं, त्याला वाटलं काही सरकारी आहे. आई म्हणाल्या, "आधी वजन करून बघ." मग वाचून दाखवलं, सगळं. तुम्ही जे फक्त मला लिहिलंय ते सोडून. ते कुठलं ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणजे वॉर्डातही वाचक मंडळ निघालं तर! सिस्टर संध्याकाळी औषधं वाटून झाल्यावर मोठ्याने वाचतात, आणि तुम्ही सगळे खाटेवरून मतं फेकता, हे डोळ्यांसमोर आणून मी बसमध्ये एकटीच हसत होते. शेजारच्या खाटेवरच्या तोफखान्यातल्या भाऊजींना सांगा, त्यांचं मत मंडळात वाचलं आणि ग्रंथपालबाई लाजल्या. 'नायिका डॉक्टर असून एकदाही हात धुताना दिसत नाही' हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आणि त्या कोवळ्या शिपायाला प्रेमपत्रं खरंच आवडली, त्याची कुणी थट्टा करू नका. कुणालातरी आवडायलाच हवीत. लेखिकेने मेहनत केली आहे.

तुम्ही लिहिता, आईचं मत सिस्टरना वाचायला दिलंत आणि त्यांनी ते सगळ्या वॉर्डाला वाचून दाखवलं. तोफखानावाल्या भाऊजींनी दुसऱ्या दिवशी घरी फोन लावला, हेही लिहिता. तुम्ही काय केलंत ते लिहीत नाही. चार पानं लिहिलीत, तेच केलंत, हे मला कळतं.

आता शेवटच्या परिच्छेदाबद्दल. तुम्ही म्हणता, पाठवलेल्या प्रतीची शेवटची पानं निघाली आहेत, वॉर्डातले सगळे खोळंबले आहेत, तेव्हा आमच्याकडची प्रत 'कुणीतरी आणून दिली तर बरं'. टपालाने पाठवता येते हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. तरी खात्री करावी म्हणून मी वॉर्डात फोन केला. सिस्टर म्हणाल्या, "कुठली पानं? पुस्तक चांगलं अख्खं आहे. फक्त तुमचे मिस्टर शेवटचं प्रकरण कुणाला वाचू देत नाहीत. उशीखाली घेऊन झोपतात."

मी त्यांना काही बोलले नाही. तुम्हालाही काही बोलत नाही. गुरुवारी प्रत घेऊन येते. आईसुद्धा येतात. त्यांना थांबवायची माझी ताकद नाही आणि इच्छाही नाही.

दाढी करा.

येणारी,
अगं

*

ता. २४ एप्रिल

प्रिय अहो,

गुरुवारीच भेटलो आणि आज पत्र, म्हणून हसू नका. तिथे प्रत्येक खाटेचे कान आपल्याकडे होते, व्हरांड्यात सुद्धा ती सफाईवाली एकच फरशी पुसत राहिली होती. काही गोष्टी राहून गेल्या. त्या सांगते आणि मग कामाला लागते.

बसमध्ये आईंनी एकदाही डुलकी घेतली नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी म्हणाले, आपण जरा बसू या. त्या म्हणाल्या, "बसायला आलोय का?" वॉर्डाच्या दारात मात्र त्याच थांबल्या. "तू पुढे हो," म्हणाल्या. तुम्ही खिडकीपाशी टेकून बसला होता, हातात पुस्तक. वाचत नव्हता, पुस्तक उलटं होतं असं मी म्हणणार नाही, ते सुलट होतं, पण तुमची नजर एकाच ओळीवर होती. गळ्यापर्यंत चादर. एवढ्या उकाड्यात!

मी काय म्हणाले आठवतंय? बसमध्ये चांगली वाक्यं तयार केली होती. आणि म्हणाले, "दाढी केलीत." तुम्ही म्हणालात, "हुकूम होता."

तेवढ्यात आई आल्या. त्यांना लांबून नीट दिसत नाही, म्हणून थेट खाटेशी गेल्या, तुमचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, आणि मग काही कळायच्या आत चादर बाजूला केली. तुम्ही चादरीचं टोक पकडलं होतं, ते मी पाहिलं. आईंनी तुमचा हात हळूच काढला. चष्मा वर केला, खाली वाकल्या, आणि त्या जागेवरून बोट फिरवलं, कापडावरून फिरवतात तसं.

"शिवण सरळ आहे," त्या म्हणाल्या. "कुणी घातली?"

तुम्ही म्हणालात, "सर्जन आहेत. मोठे आहेत."

"हात चांगला आहे त्यांचा. कुठे चुणी नाही." मग माझ्याकडे वळून, "बघ गं."

आणि तुम्ही हसलात. आधी हसलात, मग डोळे पुसलेत. भाऊजी पलीकडून म्हणाले, "मावशी, माझ्या हाताचं पण बघा, मला वाटतं मला घाईत शिवलंय." त्या तिथेही गेल्या. मग वॉर्डभर फिरल्या. सिस्टर म्हणतात, मोठ्या डॉक्टरांच्या फेरीला इतकी शांतता नसते.

शेवटचं प्रकरण मी वाचलं तेव्हाची मजा तर मी इथे मंडळाला तीनदा सांगितली. नायक विमानतळावर नायिकेच्या मागे धावत सुटतो! सगळा वॉर्ड पेटला. "धावतो? कुठल्या पायाने?" "अहो, आधीच्या प्रकरणात खाटेवर होता!" भाऊजी म्हणाले, "त्या बाईंचा पत्ता द्या, माझा हात पाठवतो, पानभरात बरा करून देतील." आणि तुम्ही इतक्या वेळानंतर पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोललात: "धावू दे की त्याला. पण आधी पडायला हवा. चालायच्या सरावाच्या दोन दांड्यांमध्ये उभं राहून दहादा पडायला हवा." तेव्हा तो कोवळा शिपाई म्हणाला, "मी तर रोज पडतो." मग पुन्हा सगळे हसले. हा अभिप्राय मी तुमच्या शब्दांत लिहिला आहे. कर्नलीणबाईंनी तो लेखिकेला फोनवर वाचून दाखवला. त्या म्हणाल्या म्हणे, शेवटचं प्रकरण पुन्हा लिहिते. वाईट वाटलं मला त्यांचं. पण लिहू देत.

आता व्हरांड्यातलं.

तुम्ही म्हणालात, "तुझा चेहरा कसा होईल याची मला भीती वाटत होती. सुरुंगाची कधी एवढी वाटली नाही." आणि मी म्हणाले, "झालं का मग काही चेहऱ्याला?" तुम्ही म्हणालात, "नाही." आपण दोघंही खोटं बोललो. माझा चेहरा बदलला होता, अहो. आई शिवण बघत होत्या तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं, आणि बदलला. तुम्ही तो पाहिलात आणि न पाहिल्यासारखं केलंत. घरी येईपर्यंत मला तेच खात होतं.

म्हणून सांगते काय होतं त्यात. दुःख होतं, ते लपवत नाही. ज्या पायाची बोटं थंडीत माझ्या पोटरीला लावून झोपायचात, तो पाय गेला, मला तो हवा होता. किळस नव्हती. दया नव्हती, तुमची दया करायला मला कधीच जमलेलं नाही, तुम्ही फार तोंडाळ आहात. आणि दुःखाच्या मागोमाग लगेच आलं ते असं की, दुखत असेल का, आणि इतके महिने याला दुखत असताना मी तिथे नव्हते. तो राग होता. तो तुमच्यावर आहे आणि अजून थोडे दिवस राहील. तेव्हा पुढे कधी माझा चेहरा बदललेला दिसला तर दुसरीकडे बघू नका. विचारा. मी सांगेन.

तुम्ही सांगितलंत की पुढच्या महिन्यात सुटी देतील. जिन्याचं काय, हे तुम्ही दोनदा विचारलंत. कर्नलीणबाईंशी बोलले. तळमजल्यावरची जागा मिळते आहे, वाचनालयाच्या बाजूची. दोन खोल्या, स्वयंपाकघर लहान, पण मागे अंगण आहे आणि दाराला उंबरा नाही. आई कालच जाऊन नळ बघून आल्या. न्हाणीघरात धरायला दांडी बसवायची आहे. ती किती उंचीवर हवी ते मला ठरवता येत नाही. माप पाठवा. खाटेची उंचीही कळवा. तिकडे तुम्हाला जमते ती, उगाच सोयीची दाखवायला दुसरी नको.

भाऊजींच्या बायको आल्या का? आल्या असतील तर त्यांना माझा पत्ता द्या.

बाकी सगळं आल्यावर. पाऊल सांभाळून टाका, पण टाका. पडलात तर लिहा, उठलात तरी लिहा.

वाट पाहायचं सोडून सामान हलवायला लागलेली,
तुमची
अगं